जोगलटेंभीची नाणी आणि आपल्या हातातला फोन

धागा 🧵

१/२२
मागच्या पावसाळ्यात मी याच खात्यावर गौतमीपुत्र सातकर्णीवर एक धागा लिहिला होता. त्यात एक वाक्य होते: जोगलटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजार नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारला आणि बाजारातून शत्रूचे नाव कायमचे पुसून टाकले. वाक्य ठसकेबाज होते. साहजिकच त्याचाच स्क्रीनशॉट सर्वांत जास्त फिरला. चौथ्या दिवशी ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. जुनी नाणी जमवण्याचा आणि अभ्यासण्याचा त्यांचा छंद माझ्या वयाहून मोठा आहे. त्यांनी एवढेच विचारले, "अरे, तेराच्या तेरा हजार? मोजली कोणी?"

२/२२
माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते वाक्य मी दुसऱ्या एका धाग्यातून उचलले होते. त्या लेखकाने ते कोठून घेतले, हे विचारण्याची तसदी मी घेतली नव्हती. उत्तर अखेर मिळाले ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका नियतकालिकात. म्हणून आजचा विषय थोडा निराळा आहे. एखाद्या छंदाला किंवा अभ्यासशाखेला वाहिलेली, मोजक्या वाचकांची नियतकालिके फोनच्या काळात कुणाच्या उपयोगाची उरली आहेत काय? की ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर धूळ खाणे एवढेच त्यांचे भवितव्य आहे?

३/२२
आधी मूळ प्रसंग. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. एकूण नाणी १३,२५०. सर्व नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची. पश्चिम भारतात सातवाहनांशी ज्याचा संघर्ष झाला, तोच हा नहपान. त्याचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आजही भिंतीवर वाचता येतात. म्हणजे लेणी, शिलालेख आणि नाणी हे तिन्ही पुरावे एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी मिळाले. असे भाग्य फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला येते.

४/२२
ही नाणी दिसतात कशी? एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचे नाव. एका लहानशा चांदीच्या चकतीवर तीन लिप्या! यांपैकी पुष्कळ नाण्यांवर नंतर सातकर्णीच्या टांकसाळीने आपले ठसे मारले: एका बाजूला तीन कमानींचा चैत्य अथवा पर्वत, दुसऱ्या बाजूला ज्याला आपण उज्जयिनी चिन्ह म्हणतो ते. मात्र नाणे वितळवलेले नाही. नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा, नाक, केस अर्धवट डोकावत राहतात. जित आणि जेता एकाच नाण्यावर.

५/२२
हा साठा अभ्यासला रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी. त्यांचा लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये, बाविसाव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्या लेखाचे मोल कशात आहे? भाषेत नाही, पल्लेदार सिद्धान्तातही नाही. स्कॉट यांनी नाणी मोजली. ठसा मारलेली वेगळी केली, न मारलेली वेगळी केली आणि आकडा छापला: १३,२५० पैकी ९,२७० नाण्यांवर सातकर्णीचा ठसा आहे. सरांच्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ होते.

६/२२
आता वजाबाकी करा. १३,२५० वजा ९,२७० म्हणजे ३,९८०. सुमारे ३० टक्के नाण्यांवर सातकर्णीचा ठसा नाहीच! माझे "पुसून टाकले" हे वाक्य येथेच कोसळते. कारण मग प्रश्न पडतात. हा साठा पुरला गेला तेव्हा ठसे मारण्याचे काम अर्धवट होते काय? की ठसा असलेले व नसलेले नाणे बाजारात शेजारी शेजारी चालत होते? चांदी तीच, वजन तेच. मग सामान्य व्यापाऱ्याला वरच्या नावाची फिकीर होती काय? राज्य बदलते तेव्हा बाजार किती दिवसांनी बदलतो? "तेरा हजार नाण्यांवर ठसा" या वाक्याने हे सगळे प्रश्न जन्माला येण्याआधीच मारून टाकले होते. चूक आकड्याची होती, पण तिने गिळला तो इतिहास.

७/२२
स्कॉट यांचा लेख छापलाच गेला नसता तर? अशा साठ्यांचे प्राक्तन ठरलेले असते. काही नाणी संग्रहालयांत जातात, काही खासगी संग्रहांत, काही सोनाराच्या मुशीत. एकदा साठा विखुरला की ९,२७० आणि ३,९८० हे प्रमाण जगात कोणालाही पुन्हा काढता येत नाही. सुटे नाणे नहपान होता एवढे सांगते, साठा त्याच्या बाजाराविषयी सांगतो. १९०८ साली ई. जे. रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी सातवाहन व पश्चिम क्षत्रप नाण्यांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा या साठ्याची नोंद त्यांच्या हाताशी होती. नाणी पांगली, तरी तिच्यामुळे साठा टिकला.

८/२२
ही नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे कधीपासूनची? मुंबईत १८०४ साली एक साहित्यसंस्था निघाली. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि १८४१ पासून तिचे जर्नल निघू लागले. १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी मुंबईत 'इंडियन अँटिक्वेरी' हे मासिक सुरू केले. त्याचे जुने अंक चाळताना मला आपल्या ग्रुपांचीच आठवण झाली. कोणी एखाद्या ताम्रपटाची हकीकत पाठवतो, कोणी गावच्या देवळाविषयी विचारतो, कोणी मागच्या अंकातील वाचन चुकले असे कळवतो. आजच्या फोनवरील चर्चेचे हे पूर्वजच. फरक दोनच: मध्ये संपादक बसलेला होता, आणि जे छापले ते मागाहून गुपचूप बदलता येत नव्हते.

९/२२
या दुसऱ्या फरकाचे एक उत्तम उदाहरण. 'इंडियन अँटिक्वेरी'च्या पहिल्याच वर्षी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी पतंजलीच्या काळाविषयी लेख लिहिला आणि त्याला पुष्यमित्राच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ठेवले. बर्लिनचे प्रख्यात संस्कृतपंडित आल्ब्रेख्त वेबर यांना ते पटले नाही. त्यांचे आक्षेप त्याच मासिकात आले आणि भांडारकरांचे उत्तरही. मुंबई इलाख्यातील तरुण प्राध्यापक आणि युरोपातील नामांकित विद्वान समोरासमोर उभे राहिले, आणि निवाडा मोठ्या नावावर नव्हे, दाखल्यांवर सोपवला गेला. आज दीडशे वर्षांनंतरही दोघांची बाजू एकाच ठिकाणी वाचता येते. मागच्या महिन्यात रंगलेला एखादा ऑनलाइन वाद आज संपूर्ण वाचायला काढा. अर्धे उत्तर पुसलेले सापडेल.

१०/२२
पण एक अडचण उघड आहे. हे सगळे इंग्रजीत होते. मराठी वाचकासाठी हे दार उघडले ते 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाने. जानेवारी १८७८ मध्ये ते निघाले. काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ही त्यामागची प्रमुख नावे. शंकर तुकाराम शाळिग्राम हेही त्यांचे सहकारी. बखरी, जुनी पत्रे, याद्या आणि अप्रकाशित कविता हप्त्याहप्त्याने छापायच्या, हा त्यांचा उद्योग. सभासदाची बखर साने यांनी संपादून वाचकांपुढे ठेवली ती याच काळात.

११/२२
त्या काळी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे होती कोठे? जुन्या घरांच्या माळ्यावर, रुमालांत बांधलेली, वाळवीच्या तोंडी. ती बाहेर काढायला मासिकापाशी सैन्य नव्हते की सरकारी हुकूम नव्हता. होता तो छापलेल्या अंकाचा विश्वास. आपल्या घरातील कागद नीट छापला जातो, त्यावर टीप येते, हे दिसले की पुढचे घर आपला रुमाल सोडते. अकरा वर्षे चालून १८८८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' थांबले. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि मंडळाच्या त्रैमासिकाने तेच काम पुढे चालवले. मासिक बंद पडले, पण त्याने लावलेली सवय बंद पडली नाही.

१२/२२
हे केवळ इतिहासाच्या छंदाचे वैशिष्ट्य आहे असे मात्र समजू नका. न्यूयॉर्कमध्ये १८९० साली 'द रडर' नावाचे नौकाविहाराचे मासिक सुरू झाले. त्याचे संपादक टॉमस फ्लेमिंग डे. हौशी माणसाला स्वतःच्या हाताने बांधता येतील अशा नौकांचे आराखडे हे मासिक छापत असे. १९०१ मध्ये त्यात 'सी बर्ड' या लहानशा शिडाच्या नौकेचा आराखडा आला. आराखडा खरा की नुसती बढाई? १९११ साली खुद्द संपादकाने त्याच 'सी बर्ड'मधून अटलांटिक महासागर ओलांडला आणि पुढे रोमपर्यंत मजल मारली! मासिकाने जे छापले त्याची जबाबदारी संपादकाने जिवावर उदार होऊन घेतली. छंदाच्या मासिकाकडून याहून अधिक काय मागावे?

१३/२२
ही सर्व उदाहरणे एकत्र ठेवली की अशा नियतकालिकांची तीन कामे दिसतात. पहिले, माहिती दूरच्या वाचकापर्यंत पोहोचवणे. दुसरे, ती छापण्याआधी तपासणे आणि छापल्यावर तिची जबाबदारी घेणे. तिसरे, वाचकाला नुसता प्रेक्षक न ठेवता कामाला लावणे: कागद शोधायला, नाणी मोजायला, नौका बांधायला. "नियतकालिके कालबाह्य झाली" असे आपण म्हणतो तेव्हा या तिन्हींची गल्लत करतो. एकेक काम वेगळे करून पाहू.

१४/२२
पहिल्या कामात इंटरनेट निर्विवाद जिंकले आहे, आणि त्याचे दुःख करण्याचे काही कारण नाही. स्कॉट यांचा लेख वाचायला मी मुंबईच्या टाऊन हॉलची पायरी चढलो नाही. नाशिकमध्ये, रात्री अकरा वाजता, फोनवर वाचला. एशियाटिक सोसायटीने आपला मोठा ठेवा 'ग्रंथसंजीवनी' या नावाने डिजिटल रूपात खुला केला आहे. 'इंडियन अँटिक्वेरी'चे जुने खंड घरबसल्या उतरवून घेता येतात. पूर्वी ज्या विद्यार्थ्यापाशी गाडीभाडे नव्हते, ओळखीचे पत्र नव्हते, त्याला हे दार बंद होते. आज चांदवडच्या किंवा सुरगाण्याच्या मुलालाही ते उघडे आहे. ही लहान क्रांती नव्हे.

१५/२२
नियतकालिकांचे दोषही झाकायला नकोत. अंक उशिरा निघतात. लेख पाठवल्यापासून छापून येईपर्यंत वर्ष उलटते. वर्गणी कोठे भरायची ते नवख्याला कळत नाही. भाषा बहुधा इंग्रजी, आणि मराठी असली तरी एवढी जड की पहिल्या परिच्छेदात वाचक गळतो. काही ठिकाणी मोजक्या मंडळींचे वर्तुळ तयार होते आणि बाहेरच्याचा लेख आतच येत नाही. शिवाय संपादक असला म्हणजे चूक होत नाही असेही नाही. नव्या वाचकाने पाठ फिरवली, तर त्याचा सगळा दोष फोनवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१६/२२
दुसरे काम मात्र, तपासण्याचे, इंटरनेटने अजून उचललेले नाही. माझाच अनुभव सांगतो. सरांच्या फोननंतर मी दुरुस्तीचा धागा लिहिला. आकडा दिला, चूक कबूल केली. मूळ वाक्य जेवढ्या लोकांनी पुढे पाठवले, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही दुरुस्ती पाहिली नाही. तो स्क्रीनशॉट आजही फिरतो; गेल्या आठवड्यात माझ्याच मावशीने तो मला "वाच, छान आहे" म्हणून पाठवला. नियतकालिकात चूक आणि दुरुस्ती एकाच बांधणीत, एकाच फळीवर राहतात. येथे चूक गावभर हिंडते आणि दुरुस्ती घरी बसते.

१७/२२
आणखी एक गोष्ट. नाण्यांच्या ग्रुपांत रोज छायाचित्रे येतात. सुंदर असतात. पण वजन? व्यास? दुसरी बाजू? नाणे मिळाले कोठे, एकटे की साठ्यात, सोबत आणखी काय होते? बहुतेक वेळा यांपैकी काहीच नसते. विक्रीसाठी टाकलेले चित्र तर नाणे विकले की नाहीसे होते. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. ते टाळून साठा गुपचूप वाटला गेला, तर त्याचा स्कॉट कोणीच नसतो. उद्या नांगराखाली दुसरे जोगलटेंभी निघाले, तर आपल्याला हजार छायाचित्रे मिळतील आणि एकही आकडा मिळणार नाही, ही भीती मला खरी वाटते.

१८/२२
गंमत अशी की हे काम करणारी संस्था आपल्या उंबऱ्याशीच आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेवर अंजनेरी लागते. तेथे १९८० साली नाणेशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था उभी राहिली: इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज. तिच्यामागे दोन माणसे होती, विद्वान परमेश्वरीलाल गुप्त आणि संग्राहक के. के. माहेश्वरी. अभ्यासक आणि छांदिष्ट यांची ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. 'न्युमिस्मॅटिक डायजेस्ट' हे तिचे नियतकालिक. आपल्यापैकी किती जणांनी अंजनेरीला गड चढण्यासाठी जाताना त्या संस्थेची पाटी पाहिली, आणि किती जण आत गेलो? मी स्वतः तीनदा गड चढल्यावर, चौथ्या खेपेस आत गेलो.

१९/२२
आता पुन्हा पांडवलेण्यांकडे वळू. दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. हा मोठा दानशूर. नद्यांवर लोकांसाठी फुकट नावांची सोय केल्याचेही तो सांगतो. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवली. रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे दिली: २,००० दरमहा एक टक्का व्याजाने, १,००० पाऊण टक्क्याने. अट एकच: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर चालवायचे. आणि व्यवहार कसा पक्का केला? तो निगमसभेत ऐकवला गेला, आणि शिवाय रिवाजाप्रमाणे नोंदींच्या ठिकाणी फलकावर लिहिलाही गेला.

२०/२२
सभेत ऐकवणे आणि फलकावर नोंदणे. या दोन क्रिया निरनिराळ्या आहेत, हे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या माणसांना ठाऊक होते. आपला धागा ही निगमसभा आहे. येथे घोषणा होते, गर्दी जमते, कुतूहल जागते; ते आवश्यकच आहे. नियतकालिक हा फलक आहे. तेथे गर्दी नसते, पण तंटा झाला की सगळे तेथेच जातात. तसेच मुद्दल आणि व्याजाचे. आम्ही धागे लिहिणारे व्याजावर जगतो. स्कॉट, साने, भांडारकर यांनी जे मुद्दल ठेवले, त्याच्या व्याजावर आमच्या खात्यांचे अनुयायी वाढतात. मुद्दलात कोणी भर घातली नाही, तर व्याज किती दिवस पुरेल?

२१/२२
म्हणून माझे उत्तर असे. वार्ताहर म्हणून ही नियतकालिके संपली आहेत आणि त्यांनी ते मान्य करावे. नोंदवही म्हणून त्यांची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे, कारण न तपासलेले बोलणे इतके स्वस्त कधीच नव्हते. उरले तिसरे काम, वाचकाला कामाला लावण्याचे. ते आपल्या हातात आहे, आणि येथे फोन व छापील अंक एकमेकांचे वैरी नाहीत. चार गोष्टी आजपासून करता येतील. आकडा लिहिण्याआधी विचारावे: मोजले कोणी? नाण्याचे छायाचित्र टाकताना दोन्ही बाजू, वजन, व्यास आणि मिळाल्याचे ठिकाण लिहावे. घरात मोडी कागद असतील तर त्यांची छायाचित्रे काढून एखाद्या संशोधन मंडळाला दाखवावीत. आणि चार मित्रांनी मिळून एका त्रैमासिकाची वर्गणी भरावी; एका वेळच्या मिसळीच्या खर्चात भागते की नाही ते पाहावे.

२२/२२
सरांना मी परवा भेटलो. दुरुस्ती फारशी कोणी वाचली नाही, अशी तक्रार केली. ते हसून म्हणाले, "तू ती कुठे छापून ठेवलीस का? मग वाचायला कोणी येईल तेव्हा येईल." म्हणून जोगलटेंभीवर एक छोटे टिपण मराठीत लिहायला घेतले आहे; पुरे झाले की त्रैमासिकाकडे पाठवणार आहे. परत आले तर का परत आले, तेही येथे सांगेन. तोवर हा धागा पुढे पाठवणार असाल, तर कृपया आकड्यासकट पाठवा: एकूण १३,२५०, ठसा असलेली ९,२७०, ठसा नसलेली ३,९८०. आणि या धाग्यात चूक आढळली, तर दाखल्यासह अवश्य कळवा. लेखनसीमा.